गुरुवारी हळू गायलेली गाणी

चिखलीत शांतता हवी असेल तर गुरुवारची वाट बघावी लागते. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी शेडमधले प्रेस बंद, कंप्रेसर बंद, ग्राइंडरची किरकिर बंद. रस्त्यावरचा चहावाला बाकावर आडवा होऊन मोबाइल बघत असतो. बाकीचे दिवस आमच्या गल्लीत दोन माणसं बोलत असली तरी लांबून ती भांडतायत असंच वाटतं.

अशा ठिकाणी मी रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला होता. का, असं माझी बायको मंदा अजूनही विचारते. जागा होती म्हणून, हे खरं उत्तर आहे. बाळासाहेब म्हणून चिखलीतले जुने शेतकरी. शेती गेली, तिच्यावर शेड आले, पण गोठा त्यांनी ठेवला. गोठ्याला लागून एक गाळा रिकामा होता. आधी तिथं रबराचे वॉशर बनायचे. मी भिंतींना आवाज खाणारं ग्लासवूल ठोकलं, वर जाड पडदे लावले, दाराला दुसरं दार बसवलं, मध्ये काच घालून गाण्याची खोली केली. रबराचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. गायक मंडळी आत आली की नाक वर करून विचारायची, "काही जळतंय का?"

त्याआधी मी चाकणच्या बाजूला एका गाड्यांच्या कंपनीत आवाज तपासायच्या विभागात होतो. नव्या गाडीत मागच्या सीटवर बसायचं, गाडी खडबडीत ट्रॅकवर पळवायची, आणि कुठून कुरकुर येते ते शोधायचं. डॅशबोर्ड, दाराची पट्टी, पट्ट्याचं बक्कल. सापडली की ती बंद करायची. ज्या गाडीत मी काम चांगलं केलं त्या गाडीत ग्राहकाला काहीच ऐकू आलं नाही. त्यामुळे माझं कौतुक करायला कधी कुणी आलं नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता जरा ऐकू येईल असं काहीतरी करू.

ऐकू आलं ते बरंचसं वाढदिवसांचं होतं. निवडणुकीला उभं राहणारे, राहू इच्छिणारे आणि पडलेले, हे माझे कायमचे गिऱ्हाईक. एक भाऊ आले, म्हणाले, "सर, नाव घुमलं पाहिजे." मी विचारलं, "किती?" ते म्हणाले, "विरोधकाच्या बेडरूमपर्यंत." घुमवलं. भाऊ पडले. पुढच्या खेपेला पुतण्याला घेऊन आले, गाणं तेच, फक्त नाव बदलायचं. पुतण्याचं नाव एका अक्षरानं मोठं होतं, ते चालीत बसेना. भाऊ पुतण्याला म्हणाले, "तू नाव लहान कर."

एका कारखान्यातल्या एचआरच्या बाई आग लागल्यावर वाजवायची सूचना रेकॉर्ड करायला आल्या. त्यांना आवाज कसा हवा होता? "घाबरवणारा, पण शांत." आमच्या निवेदिकेनं पुनःपुन्हा म्हणून बघितलं. कधी कुणी मेल्यासारखं वाटायचं, कधी सेल लागल्यासारखं. शेवटी बाईंनी सेल निवडला.

हे सगळं सांगायचं कारण, अश्विनीचं काम आलं तेव्हा माझी तयारी कशाची होती ते कळावं. माझी तयारी मोठ्या आवाजाची होती.

अश्विनी म्हणजे 'ठिणगी' या बँडची गायिका. गाणी तिचीच, चाली तिच्याच. वडील मराठवाड्यातून कामाला आलेले, ती मात्र इथंच चिखलीत वाढली. डोक्याच्या एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीत, पायात कामगारांचे सेफ्टी शूज. बँडचे पहिले दोन अल्बम माझ्याकडेच झाले आणि मला त्यांचा काहीही त्रास झाला नाही. ती मंडळी एवढ्या जोरात वाजवायची, की शेजारच्या शेडमधला पॉवर प्रेस चालू आहे की बंद याचा फरकच पडत नसे. एका गाण्यात तर ड्रमवाल्या सॅमीनं प्रेसच्या ठोक्यावर ठेका धरला होता. ऐकणाऱ्यांनी कौतुक केलं, काय अस्सल औद्योगिक आवाज पकडलाय म्हणून. पकडला नव्हता, तो आपणहून आत आला होता.

गाणी रागाची असायची. कंत्राटी कामगार, तुटलेली बोटं, न मिळालेली सुट्टी. कॉलेजची पोरं वेडी होती तिच्यावर. आणि गंमत म्हणजे कंपन्याही तिला बोलवायच्या, वार्षिक समारंभाला.

तशाच एका समारंभानंतर ती माझ्याकडे आली. स्टुलावर बसली. नेहमी आल्या आल्या आवाज सुरू व्हायचा, त्या दिवशी गप्प.

"काय झालं गं?"

"काका, काल चाकणला शो होता. 'हातमोजे' म्हटलं. त्यात मी मॅनेजमेंटला काय काय बोललेय ते तुम्हाला माहितीय."

"माहितीय. मीच रेकॉर्ड केलंय."

"मॅनेजमेंट नाचली, काका. प्लँट हेड पुढं येऊन नाचले. वरून मला शाल घातली."

मी हसलो. तीही हसली, पण नंतर म्हणाली, "शब्द कुणाला कळतच नाहीत. मी घसा फाडून सांगते आणि लोकांना नुसता दणका ऐकू येतो. आता हळू गायचंय. एक गिटार, एक मी. अगदी कानात बोलल्यासारखं."

मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, सोपं काम आलं. चार माइकच्या जागी दोन माइक.

इथं बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. मोठा आवाज रेकॉर्ड करणं म्हणजे गर्दीत फोटो काढणं, कुणाचा शर्ट चुरगळलेला आहे ते दिसत नाही. हळू आवाजासाठी माइक अगदी ओठांजवळ आणावा लागतो आणि त्याचा कान पूर्ण उघडावा लागतो. मग तो सगळंच ऐकतो. गायिकेनं गिळलेली थुंकी ऐकतो. स्टूल कुरकुरतं, बांगडी वाजते, पोटात गुरगुरतं. गिटारवरून बोट सरकताना चर्र आवाज येतो. आणि भिंतीपलीकडचा प्रेस, जो इतकी वर्षं आमच्या रॉक संगीताचा अविभाज्य भाग होता, तो आता प्रत्येक ओळीच्या मधोमध ठोका देऊन जायला लागला.

रात्री करू म्हटलं, तर शेडमध्ये तिसरी शिफ्ट. म्हणून गुरुवार ठरला.

पहिल्या गुरुवारी सॅमी अख्खा ड्रमसेट टेम्पोत घालून घेऊन आला. अश्विनीनं त्याच्या हातात तांदूळ भरलेला एक छोटा डबा दिला. "हा हलवायचा. तिसऱ्या गाण्यात. तेही शेवटी." सॅमी डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भावा, मी यासाठी टेम्पो केला?" तो तिला भावाच म्हणायचा. तरी तो प्रत्येक गुरुवारी आला, कोपऱ्यात डबा मांडीवर धरून बसला. एवढा अवजड माणूस इतका वेळ न हलता बसलेला मी आधी पाहिला नव्हता.

प्रेस थांबला तेव्हा कळलं की अजून एक आवाज आहे. छन्, छन्. थांबून पुन्हा छन्. हेडफोन लावून मी गाळ्यातला प्रत्येक कोपरा हुंगला, जुन्या सवयीनं. शेवटी बाहेर आलो. गोठ्यात बाळासाहेबांचा शर्यतीचा बैल चारा खात होता, गळ्यात घुंगुरमाळ.

बाळासाहेब खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "बाळासाहेब, थोड्या वेळापुरती माळ काढता का त्याची?"

"न्हाई जमायचं, राव. माळ न्हाई तर त्यो खात न्हाई. तुमच्या बाईलाच म्हना, जरा हळू म्हन म्हनावं."

"हळूच म्हणतेय. म्हणून तर अडचण झालीय."

"मंग मोठ्यानं म्हनू द्या की! बैलाची काय बी तक्रार न्हाई."

त्यांना खरं वाटेना, म्हणून आत येऊन ऐकलं. ऐकून झाल्यावर माझ्या कानाशी येऊन विचारलं, "हीच का ती बोंबलनारी? आजारी हाय का?"

शेवटी तह झाला. गुरुवारी बैल शेडांच्या पलीकडच्या कडेला बांधायचा, आणि त्याबदल्यात अश्विनीनं बैलावर एक गाणं करून द्यायचं. तिनं बुधवारी, प्रेस चालू असताना, एका दमात ते ओरडून दिलं. सॅमीला पूर्ण ड्रमसेट वाजवायला मिळाला. तो त्या दिवशी फार सुखात होता.

मग गुरुवार बरे जायला लागले. अश्विनीचा खालचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. आधी ती वरच्या पट्टीत किंचाळायची. आता खाली उतरली, तर तिथं एक जाडसर, उबदार, जरा खरखरीत आवाज निघाला. बाजारातून येताना आई पोराशी बोलते तशी गाणी होती. सगळ्यात चांगलं गाणं तिच्या वडिलांवरचं होतं. नाव 'पाहुणा'. त्याची सुरुवात अशी:

आमच्या घरी एक माणूस जेवायला येतो,
काही विचारलं तर नुसता हसतो,
स्वतःचं ताट धुऊन ठेवतो
आणि शिफ्टला निघून जातो.

पुढं पुढं ते गाणं जरा चावायला लागायचं. मुलगी शाळेतलं सांगते, तो हसतो. मुलगी रडते, तो हसतो. मुलगी घर सोडून जाईन म्हणते, तरी हसतो. शेवटची ओळ होती, 'पाहुण्याला कसलं सुखदुःख.'

मी तिला विचारलं होतं, "वडिलांना ऐकवलंस?"

"ऐकवीन की. नानांना माझी सगळी गाणी आवडतात. एक शो चुकवत नाहीत."

ते खरं होतं. नानांना मी ओळखत होतो, म्हणजे बघून. शिडशिडीत, पांढरा शर्ट, उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. आयुष्य पॉवर प्रेसवर गेलेलं, कंत्राटी म्हणून लागले आणि कंत्राटी म्हणूनच घरी बसले. प्रत्येक कार्यक्रमाला यायचे आणि थेट स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहायचे, जिथून बाकीचे बाप पोरांना ओढून लांब नेतात. कार्यक्रम संपला की पोरीच्या पाठीवर थाप मारायचे, "भारी झालं." मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. मंदाला मी म्हणालोही होतो, असा बाप पाहिजे.

तर एका गुरुवारी ती नानांना घेऊन आली. त्यांनी चप्पल बाहेर काढली, देवळात शिरावं तसे आत आले. मी खुर्ची दिली. "नाना, चहा?" ते हसले. "साखर चालते ना?" ते हसले. अश्विनीनं त्यांच्या डोक्यावर हेडफोन ठेवला आणि मला 'पाहुणा' लावायला सांगितलं. त्यांनी हातानं खूण केली, मोठा कर. मी मोठा केला. पुन्हा खूण. मी अजून मोठा केला. हेडफोनमधून आवाज बाहेर गळायला लागला.

त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू होतं. पहिल्या कडव्यात ते हसू तसंच होतं. दुसऱ्या कडव्यात ते कमी झालं. तिसऱ्यात त्यांनी डोळे बारीक केले, मान थोडी पुढं काढली, आणि मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. गाणं तिथंच मांडीवर चालू राहिलं. मी बंद केलं.

"हे मी हाव का?" त्यांनी विचारलं.

अश्विनी म्हणाली, "गाणं आहे नाना."

"गाणं हाय ते कळालं. त्यातला पाव्हना मी हाव का?"

कोपऱ्यात सॅमीच्या डब्यातले तांदूळ सळसळले, त्यानं तो घट्ट धरला.

"साऱ्या जगाला सांगायलीस का हे? बापाला काय वाटत नव्हतं म्हनून?"

"मग वाटत होतं का?" ती म्हणाली. तिचा जुना आवाज परत आला. "मी बारावीला नापास झाले तेव्हा मी तुमच्यासमोर बसून सांगितलं, नाना. तुम्ही हसलात. हसून भात मागितला!"

नाना उठून बाहेर गेले. गोठ्याच्या ओट्यावर बसले. ती जागेवरून हलली नाही, म्हणून मीच बाहेर गेलो, आणि त्यांच्या शेजारी बसून म्हटलं, "नाना, पोरगी लहान होती तेव्हाचं आहे ते."

ते समोर बघत होते. हसले नाहीत, मानही हलवली नाही. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. काही नाही. मग मी उठलो, त्यांच्या समोर आलो आणि खालच्या पट्टीत, सावकाश म्हटलं, "नाना, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं, कुणी येतंय का. दारात अश्विनी उभी होती.

मी वीसेक वर्षं आवाज मोजण्यात घालवलेली, त्यामुळे पुढचं मला सांगावं लागलं नाही. प्रेसच्या ठोक्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या कानातून आधी बारीक, टोकदार आवाज जातात. 'स', 'श', 'ट', 'क' ही अक्षरं तिथंच असतात. समोरचा बोलतोय हे माणसाला कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. किंचाळलेलं गाणं, झांजा, गर्दी, हे सगळं एक खळखळाट होऊन जातं. पण कुणी खालच्या पट्टीत, तोंड अगदी माइकला लावून, एकेक शब्द ठेवत बोललं आणि ते हेडफोनमध्ये भरपूर मोठं करून कानाला लावलं, तर बरंच काही पोचतं. अश्विनीनं जगाला शब्द कळावेत म्हणून आवाज खाली आणला होता. जगाचं पुढं सांगतो. पण ज्याला आयुष्यात पहिल्यांदा तिचे शब्द कळले तो माणूस ओट्यावर बसला होता आणि त्याला ते आवडले नव्हते.

"कधीपासून?" तिनं विचारलं. ती त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली, तोंड त्यांच्या तोंडासमोर, आणि एकेक शब्द गाण्यातल्यासारखा खाली, सावकाश ठेवू लागली.

"तू साळंत गेली नव्हतीस तवापासून."

"मग कंपनीत कसं चालू दिलं? दर वर्षी मेडिकल असते की."

इथं नानांच्या चेहऱ्यावर थोडी चमक आली. म्हणाले, "त्या काचेच्या खोलीत बसवायचे. कानात आवाज आला की बटन दाबायचं. मला कुठला यायला आवाज? पन काचेत त्या तपासनाऱ्या पोराचा कोपर दिसायचा. आवाज सोडताना त्यो हालायचा, हालला की मी बटन दाबायचो. दर साली पास."

"पण का?"

"का म्हंजे? नापास झालो असतो तर दुसऱ्या दिवशी गेटभायेर. तुला कोन शिकवलं असतं?"

नाना पुढं म्हणाले, "तुमी सगळे बोलायचे. मला नुसती तोंडं हाललेली दिसायची. सारखं 'काय? काय?' म्हनलं असतं तर गल्लीत कळलं असतं, गल्लीतून ठेकेदाराला. हसलं की भागायचं."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच सांगितलं हुतं, कुनाला बोलू नका म्हनून."

"आणि माझे शो?"

"छातीत दनका बसायचा," नाना म्हणाले आणि पंजा छातीवर ठेवला. "लई बरं वाटायचं."

"'हातमोजे' तुमच्यावर आहे, नाना. तुमच्या बोटांवर."

"व्हय का?" नाना म्हणाले. ते खरोखर चकित झाले होते. "मला वाटलं लग्नाचं हाय. लोकं नाचायचे."

अश्विनी हसायला लागली. हसता हसता तिचं रडणं सुरू झालं आणि मग दोन्ही एकदम चाललं. नाना तिच्याकडे बघत होते. त्यांनी अर्ध्या बोटांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला, ज्या बाजूला केस नव्हते त्या बाजूला, आणि लगेच म्हणाले, "इथं केस का न्हाईत गं? कवाचं इचारायचं होतं."

पुढचा गुरुवार आला. मला वाटलं ती 'पाहुणा' काढून टाकेल. ती म्हणाली, "काढणार होते. नाना नाही म्हणाले." नाना सोबत आलेच होते. त्यांनी मला सांगितलं, "लेकराला वाटलं ते वाटलं. ताट धुवायचो ते बी खरंय. पन शेवटची वळ खोटी हाय. ती बदलाय सांगा."

मग तिनं शेवटचं कडवं नव्यानं लिहिलं, काचेच्या खोलीचं आणि कोपराचं. ते इथं देत नाही, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. पण ते रेकॉर्ड करताना जे झालं ते सांगतो. नाना हेडफोन लावून माझ्या शेजारी बसायचे आणि ती आत काचेपलीकडे गायची. प्रत्येक टेकनंतर ती काचेतून त्यांच्याकडे बघायची. ते मान हलवायचे, नाही. "दुसरा शब्द न्हाई कळाला." ती पुन्हा म्हणायची. "आता पयला गेला." मोठमोठ्या समीक्षकांनी घेतली नसती एवढी परीक्षा त्या माणसानं घेतली. सॅमी हळूच मला म्हणाला, "काका, हा प्रोड्युसर फार कडक आहे." शेवटी एका टेकला नानांनी हेडफोन काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "कळालं. समदं."

तोच टेक अल्बममध्ये आहे. त्यात मागं पाण्याच्या टँकरचा हॉर्न आहे. मी काढला नाही. म्हणजे निघाला नाही.

आता जगाचं. अल्बम निघाला. 'ठिणगी'च्या चाहत्यांनी खाली लिहिलं, ताई, तब्येत बरी आहे ना? एकानं लिहिलं, हे ऐकून मला छान झोप लागते, आणि त्याला ते कौतुक वाटत होतं. कंपन्यांनी समारंभाला बोलवताना आधीच सांगायला सुरुवात केली, जुनी गाणी म्हणा, लोकांना मजा आली पाहिजे. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत मी क्लबहाउसमध्ये छोटा कार्यक्रम ठेवला. रॉक म्हटल्यावर सेक्रेटरी मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडून दाराशी उभे राहिले. त्यांना तक्रारीला काहीच जागा मिळाली नाही. कार्यक्रमानंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जरा मोठा आवाज चालला असता."

आणि बैलाचं ते गाणं? ते बैलगाडा शर्यतीच्या घाटांवर एवढं वाजलं, की आज अश्विनीला खेडच्या पलीकडची माणसंही ओळखतात ती बैलाची बाई म्हणून. बाळासाहेब भेटेल त्याला सांगतात की ते गाणं त्यांनी लिहून घेतलं. त्यांचा बैल मात्र अजून एकही शर्यत जिंकलेला नाही.

अल्बम मूठभर लोकांनी ऐकला. चांगला ऐकला, पण मूठभर. मला त्याचं वाईट वाटलं. माझ्या हातून झालेलं तेवढंच एक काम असं होतं की ते कुणाला तरी ऐकवावंसं वाटावं. अश्विनीला वाईट वाटलं असेल, पण तिच्यामागं दुसरी गडबड लागली होती. नानांच्या कानांची.

तपासणीला मीच घेऊन गेलो. नाना तयार होईनात. काचेची खोली बघून ते दारातूनच मागं फिरले. आता कसली नोकरी जाणार, मी समजावलं, पण भीती कुठं ऐकते? शेवटी आत गेले. तपासणाऱ्या मुलीनं खुर्ची काचेकडे तोंड करून ठेवली होती. नानांनी ती स्वतः उचलून भिंतीकडे फिरवली. नंतर मला म्हणाले, "सवय लई वाईट. कोपर दिसला असता तर बटन दाबलं असतं मी."

त्या परीक्षेत ते पहिल्यांदा नापास झाले. कानाचं मशीन मिळालं.

पुढं स्टुडिओ मी बंद केला, त्यानंतर काही महिन्यांनी बाप-लेक आमच्या घरी आले. जिन्यापासूनच आवाज येत होता. रिक्षा कुठल्या चौकात वळवायला हवी होती यावर वाद चालला होता. आत येऊन बसले तरी तो मिटेना. तो संपला तर तिच्या केसांवर सुरू झाला. मग सॅमी चांगला मुलगा आहे, पण लग्नाचं बघायचं तर कायमची नोकरी हवी, यावर. मग ती रात्री किती वाजता घरी येते यावर. नानांकडे प्रत्येक गोष्टीवर मत होतं. इतकी वर्षं ज्याला ज्याला हसून उत्तर दिलं, त्या सगळ्याला आता ते तोंडानं उत्तर देत होते. मंदा चहा घेऊन आली तर तिला म्हणाले, "साखर जरा जास्त झालीय, वहिनी."

अश्विनीनं कपाळावर हात मारला. माझ्याकडे वाकली आणि अगदी हळू, त्या अल्बमपेक्षाही हळू म्हणाली, "काका, कधीकधी वाटतं, यांचं मशीन लपवून ठेवावं."

नाना बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आयकू आलं मला," ते म्हणाले.